माणसं जोडून पाऊस पडतो का?

प्रिय ताई,

वडिलांच्या मागे शेती माझ्याकडे आली. बरीचशी कोरडवाहू, थोडी विहिरीच्या पाण्यावरची. गेले दोन हंगाम पावसाने दगा दिला. पहिल्या वर्षी दुबार पेरणी केली. दुसऱ्या वर्षी उगवण चांगली झाली, पण ऐन दाणा भरायच्या वेळी ओल तुटली. आता विहीरही लवकर तळ गाठते.

मी मुळात अबोल आहे. वडील माणसांत रमायचे, मला ते जमत नाही. फोनवर शेतकऱ्यांच्या पाच-सहा गटांत आहे. दिवसभर संदेश येत राहतात. एक जण एखाद्या वाणाची स्तुती करतो, दुसरा त्याच वाणाने बुडालो म्हणतो. वाचून डोकं भणाणतं आणि शेवटी मी नेहमीचंच पेरतो.

शेजारचे तिघे मिळून खोल बोअर घ्यायचा म्हणताहेत. मला चौथा भागीदार व्हायला सांगतात. त्यातल्या एकाशी आमचा बांधावरून जुना वाद आहे. पुढच्या आठवड्यात बसून ठरवायचं आहे. बायको म्हणते, बियाण्यापुरते पैसे तिच्या भावाकडून उसने घेऊ. तो लांब राहतो, त्याच्या भागात पाऊस बरा झाला. पण सासुरवाडीकडे हात पसरायची मला लाज वाटते.

जो तो सांगतो, गट करा, माणसं जोडा. ताई, माणसं जोडून पाऊस पडतो का? माझ्याकडे थोडे पैसे आहेत आणि थोडा वेळ आहे. ते ठिबकवर घालू की माणसांवर?

– एक अबोल शेतकरी

नमस्कार भाऊ,

नाही, पाऊस पडत नाही. ‘माणसं जोडा’ हे तुम्हाला इतक्यांदा आणि इतक्या मोघमपणे सांगितलं गेलंय की त्याचा वैताग येणं साहजिक आहे. कोणती माणसं, कशासाठी, हे कुणी सांगत नाही. तुमच्या पत्रात मेहुण्याकडची उसनवारी आहे, फोनवरचे गट आहेत, बोअरची भागीदारी आहे आणि तुमचा अबोलपणाही आहे. या प्रत्येक ठिकाणी वेगळ्या माणसांचं काम आहे. जवळच्या माणसांना जे जमतं ते लांबच्यांना जमत नाही, आणि लांबच्यांकडे जे असतं ते जवळच्यांकडे बहुधा नसतं. दुष्काळात दोघंही लागतात. कोणतं काम कुणाकडे न्यायचं एवढं मात्र आधी नीट ठरवावं लागतं.

मेहुण्यापासून सुरुवात करते, कारण तिथे फक्त लाज आडवी आली आहे.

एखाद्या घरात आजारपण आलं, कुणाचा बैल गेला, कुणाच्या गंजीला आग लागली, तर गाव सावरून घेतं. बाकीच्यांचं बरं चाललेलं असतं, म्हणून ते शक्य होतं. रॉबर्ट टाउनसेंड या अर्थशास्त्रज्ञाने भारतातल्या तीन कोरडवाहू गावांतल्या घरांच्या नोंदी तपासल्या होत्या. इक्रिसॅट या संशोधन संस्थेने त्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या होत्या. 1994 मध्ये त्याने निष्कर्ष मांडले, ते असे: एखाद्या घराचं उत्पन्न घसरलं तरी त्या घराचा रोजचा खर्च तेवढ्या प्रमाणात घसरत नव्हता. तो गावाच्या सरासरीबरोबर वरखाली होत होता. म्हणजे उसनंपासनं, देणंघेणं, एकमेकांकडे कामाला जाणं यातून गाव एकेका घराचा धक्का वाटून घेत होतं. पण गावाची सरासरीच खाली गेली, तर सगळेच खाली जाणार. आणि दुष्काळात नेमकं तेच होतं. तुमची विहीर आटते त्याच महिन्यात शेजाऱ्याचीही आटते. तुम्हाला बियाण्याला पैसे हवे असतात तेव्हा त्यालाही हवे असतात. तुम्ही जनावर विकायला काढता त्याच बाजारात सगळा गाव जनावरं घेऊन उभा असतो आणि भाव पडतो. शेजारी कितीही चांगला असला तरी त्या दिवशी त्याचा हात रिकामाच असतो.

म्हणून अडीनडीला जिथलं आभाळ वेगळं आहे तिथला माणूस हवा. मार्क रोझेन्झवाइग आणि ओडेड स्टार्क यांनी 1989 मध्ये याच इक्रिसॅटच्या नोंदींवरून दाखवलं की ज्या घरांच्या सोयरिकी लांबच्या गावांशी जुळलेल्या होत्या, त्या घरांचा अन्नावरचा खर्च वाईट वर्षांत कमी हेलकावत होता. लांबच्या सोयरिकीने त्या घरांना एक प्रकारचा विमाच दिला होता. तुमच्या बायकोने सुचवलं त्यात हेच शहाणपण आहे, आणि मला वाटतं तिला ते तुमच्याआधी दिसलं.

तेव्हा मागा. पण मागताना मोघम मागू नका. बियाण्याला किती लागतात तेवढाच आकडा सांगा. परत कधी देणार ते सांगा, आणि हा हंगामही गेला तर काय करणार तेही आत्ताच सांगा. उसनवारीत नाती तुटतात ती पैसे बुडाल्यामुळे कमी, आणि देणारा गप्प व घेणारा तोंड चुकवतोय अशामुळे जास्त. मेहुण्याशी बोलणं बायकोनेच करावं. तिच्या शब्दाला तिथे वजन आहे. त्याच्या भागात एखाद वर्षी पाऊस हुलकावणी देईल तेव्हा तुम्ही काय देऊ शकाल, हेही मनात असू द्या. वैरण, बी, हंगामात चार दिवसांचं काम, काहीही चालेल. हात पसरण्याची लाज वाटते ती एकतर्फी घेण्यामुळे. तुम्हीही देणारे आहात हे दोघांनाही ठाऊक असलं की ती राहत नाही. एक मात्र कटाक्षाने पाळा. हे पैसे बियाण्यापुरतेच. बोअरसाठी त्याच्याकडून घेऊ नका. का, ते पुढे सांगते.

आता लांबच्या माणसांचं दुसरं काम. ते पैशापेक्षा मोठं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नायजर देशात इल्लेला नावाचा भाग आहे. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेचा तो सगळा पट्टा 1970 आणि 1980 च्या दशकांतल्या दुष्काळांनी पोळून निघाला होता. जमिनीचा वरचा थर दगडासारखा घट्ट झालेला, पाऊस आलाच तर पाणी वरच्यावर वाहून जायचं. 1989 मध्ये तिथले 13 शेतकरी शेजारच्या बुर्किना फासो देशातल्या यातेंगा भागात शेती बघायला गेले. तिथे लोक कोरड्या दिवसांत घट्ट जमिनीत खड्डे घेत होते. साधारण वीस-तीस सेंटिमीटर रुंद आणि दहा-वीस सेंटिमीटर खोल. त्यात शेणखत किंवा पालापाचोळा टाकायचा आणि पावसाच्या सुरुवातीला त्याच खड्ड्यात पेरायचं. खताच्या ओढीने वाळवी येते, जमीन पोखरते आणि ती भुसभुशीत होऊन पाणी मुरायला लागतं. थोडा पाऊसही खड्ड्यात साचून मुळाशी राहतो. तिथे या पद्धतीला ‘झाई’ म्हणतात.

परत आल्यावर त्यांच्यातल्या काहींनी घरच्या थोड्याशा जमिनीवर करून पाहिलं. पुढचं 1990 साल पुन्हा दुष्काळाचं निघालं. आजूबाजूची शेतं करपली आणि या खड्ड्यांच्या तुकड्यांत बरं पीक उभं राहिलं. मग मात्र सांगत फिरावं लागलं नाही. शेजाऱ्यांनी बघितलं, विचारलं, पुढच्या हंगामात स्वतः केलं. खड्डे खणण्यात तयार झालेली तरुण मुलं गावोगाव जाऊन मजुरीवर खड्डे खणून देऊ लागली आणि त्यांच्याबरोबर पद्धतही पुढे गेली. पडीक म्हणून टाकलेल्या जमिनी लोक पुन्हा विकत घेऊ लागले.

यात कुणी काय केलं ते बघा. नवी गोष्ट लांबून आली. इल्लेलातल्या इल्लेलात शंभर बैठका घेतल्या असत्या तरी ती कुणाला सुचली नसती, कारण सगळ्यांना तेच ठाऊक होतं जे सगळ्यांना ठाऊक होतं. पण ती रुजली जवळच्यांमुळे. यातेंगातलं शेत कितीही हिरवं असलं तरी इल्लेलाच्या माणसाने विश्वास ठेवला तो गावातल्याच मातीत उभ्या पिकावर.

यातेंगाच्या बाजूलाही अशीच एक गोष्ट आहे. याकूबा सावाडोगो या शेतकऱ्याने 1980 च्या दशकात जुने खड्डे मोठे केले, त्यांत खत घालायला सुरुवात केली. लोकांनी आधी त्याला वेड्यात काढलं. पीक आल्यावर लोक विचारायला येऊ लागले, तेव्हा त्याने आपल्या शेतावर वर्षातून दोनदा बाजार भरवायला सुरुवात केली. गावोगावचे शेतकरी आपलं बी घेऊन यायचे, काय जमलं आणि काय फसलं ते सांगायचे, बी अदलाबदल करायचे. 2018 मध्ये त्याला राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. मला त्याच्या खड्ड्यांइतकंच त्या बाजाराचं मोल वाटतं. बियाण्याच्या बाबतीत तर फारच. आफ्रिकेतले पाच देश आणि हैती यांतल्या छोट्या शेतकऱ्यांच्या एका पाहणीत (ती 2016 मध्ये छापून आली) सुमारे 90 टक्के बियाणं घरचं, शेजाऱ्याचं किंवा स्थानिक बाजारातलं निघालं, त्यातही बाजारातलं जवळपास निम्मं. दुबार पेरणीची वेळ येते तेव्हा कंपनीचं दुकान आठवण्याआधी माणूस आठवतो, तो यामुळे.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा की तुमच्यापेक्षा कमी पावसात आधीपासून शेती करणाऱ्या भागात एकदा जाऊन या. जास्त पावसाच्या, नावाजलेल्या गावात नको. तुमच्याकडे उद्या जे येणार आहे ते ज्यांच्याकडे काल येऊन गेलंय, त्यांच्याकडे जा. एकटे जाऊ नका, गावातला आणखी एक जण बरोबर न्या. परत आल्यावर दोघांनी वेगवेगळ्या शेतांत थोडं थोडं करून बघितलं तर गावाला ते एकाचं खूळ वाटणार नाही.

हे दोघांचं मी उगाच म्हणत नाही. आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या 200 गावांत याच खड्ड्यांच्या पद्धतीवर एक मोठा प्रयोग झाला. लोरी बीमन आणि तिच्या सहकाऱ्यांनी 2021 मध्ये तो मांडला. त्यातून दिसलं ते असं की बहुतेक शेतकरी एकाच माणसाकडून ऐकून नवी गोष्ट करायला धजावत नाहीत. ओळखीतल्या एकापेक्षा जास्त जणांकडून कळलं की मग हात घालतात. तुम्ही शेवटी नेहमीचंच पेरता ना, त्यात तुमचा भित्रेपणा नाही. हंगाम पणाला लावायचा तर माणूस दुसऱ्या तोंडाची खात्री मागतोच.

मग फोनवर तर शंभर तोंडं आहेत, ती का पुरत नाहीत? तुमच्या या वैतागाचं उत्तर बरंच जुनं आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात संकरित मक्याचं बी 1928 च्या सुमाराला आलं. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी तिथल्या 259 शेतकऱ्यांना विचारून 1943 मध्ये लिहिलं की बियाण्याची पहिली खबर सर्वांत जास्त लोकांना विक्रेत्यांकडून मिळाली होती, पण पेरायचं ठरलं ते सर्वांत जास्त जणांचं शेजाऱ्यांमुळे. दोघे सोडून सगळ्यांनी ते बी घेतलं, पण त्याला तेरा-एक वर्षं लागली. खबर देणारा आणि खात्री देणारा हे दोन वेगळे लोक असतात. तुमचे फोनवरचे गट खबर देतात. ती घ्या. खात्री त्यांच्याकडे मागू नका.

दुसरी अडचण जमिनीची. ती तुम्ही स्वतःच लिहिली आहे, ‘एक स्तुती करतो, दुसरा बुडालो म्हणतो’. दोघंही खरं बोलत असतील. कैवान मुन्शी यांनी भारतातल्या हरितक्रांतीच्या काळाचा अभ्यास 2004 मध्ये मांडला. गहू पिकवणारे शेजाऱ्यांच्या अनुभवावरून शिकत होते. भात पिकवणारे तेवढे शिकत नव्हते, स्वतःच्या शेतात जास्त करून बघत होते. त्या काळच्या भाताच्या नव्या वाणांना जमीन, पाणी, जागा बदलली की फरक पडायचा, त्यामुळे शेजाऱ्याचं यश आपल्या कामाचं असेलच असं नसायचं. तेव्हा कुठल्याही संदेशावर पहिला प्रश्न विचारायचा तो वाणाचा नको. जमीन हलकी की भारी? मातीचा थर किती? पेरणी कधी केली, त्यानंतर पावसाचा खंड किती दिवसांचा पडला? संरक्षित पाणी, म्हणजे खंडात पीक वाचवायला दिलेलं पाणी, दिलं का, किती वेळा? हे ज्याला सांगता येत नाही त्याचा संदेश वाचून सोडून द्या. पाच-सहा गटांतून दोन ठेवा, बाकीच्यांतून बाहेर पडा. ज्या गटात लोक फसलेलं पीकही दाखवतात, तो आधी ठेवा. नुसती टपोरी कणसं दाखवणारा गट दुष्काळात काही कामाचा नाही.

मलावीतल्याच आणखी एका अभ्यासात, 2019 च्या, दिसलं की गावातल्या मोठ्या, प्रगतिशील शेतकऱ्यापेक्षा आपल्यासारख्याच परिस्थितीतल्या साध्या शेतकऱ्याचं लोकांना जास्त पटतं. पण त्या साध्या शेतकऱ्याला शिकवण्याच्या खटाटोपाबद्दल थोडा मोबदला दिला, तेव्हाच तो मन लावून सांगत होता. हे लक्षात ठेवा. तुमच्यासारखीच जमीन असलेला, तुमच्याइतकंच पाणी असलेला, पण गेल्या दोन वर्षांत तुमच्यापेक्षा थोडं बरं निघालेला असा एक माणूस शोधा. त्याचा वेळ फुकट घेऊ नका. त्याच्या मळणीला जा, त्याच्या पाइपलाइनच्या कामाला हात लावा.

आणि यासाठी बोलकं असावं लागत नाही. घानातल्या अननस पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचा टिमथी कॉनली आणि क्रिस्टोफर उड्री यांनी बारकाईने अभ्यास केला होता. ज्यांच्याशी आपलं शेतीबद्दल बोलणं होतं, त्यांच्यापैकी कुणाला अनपेक्षित चांगला नफा झाला की शेतकरी स्वतःच्या खताचं प्रमाण त्याच्या प्रमाणाकडे वळवत होते. नवखे तर जास्तच. पण प्रत्येकाची अशी माणसं मोजकीच होती, शेताला शेत लागून आहे म्हणून प्रत्येक शेजारी त्यात येत नव्हता. तुम्हाला वडिलांसारखं माणसांत रमायची गरज नाही. शेतीचं मोकळेपणाने विचारता येतील अशी तीन-चार माणसं पुरे आहेत. अबोल माणूस बघतो जास्त, लिहून ठेवतो, आणि दुसऱ्याने सांगितलेलं चारचौघांत उगाळत बसत नाही. अशा माणसाला लोक आपला खरा आकडा सांगतात.

घरातल्या माणसांत तुमची बायकोही धरा. आफ्रिकेतल्या माली देशातल्या एका अभ्यासात गावात दिलेली शेतीची माहिती स्त्रियांपर्यंत पुरुषांपेक्षा कमी पोचत असल्याचं दिसलं. आणि उलट बाजूने, बायकांच्या आपापसातल्या बोलण्यात जी माहिती असते ती पुरुषांच्या बैठकीत येत नाही. कुणाच्या घरचं बी टिकलं, कुठल्या विहिरीचं पाणी उतरलं, कुणी वैरण विकायला काढली. तिच्या कानावर येणारं आणि तुमच्या फोनवर येणारं रोज एकदा शेजारी शेजारी ठेवून बघा.

आता बोअर. इथे मला ठामपणे सांगायचं आहे की सगळी माणसं जोडणं भल्याचं नसतं. माणसांचं जाळं शहाणपण पसरवतं तसं घाईही पसरवतं. एकाने खोल बोअर घेतला की दुसऱ्याचं पाणी उतरतं, म्हणून दुसरा आणखी खोल जातो, आणि सगळे कर्जात जातात. पाणी तेवढंच राहतं. चौघांनी मिळून घेतलेला बोअर चार बोअरपेक्षा बरा, हे खरं. पण खालचं पाणी चौघांच्या शेतांपुरतं थांबत नाही. बाकीच्या गावाने तोच धडा घेतला तर दोन वर्षांत तुमचे सगळ्यांचे पाइप कोरडे पडतील. मेहुण्याच्या पैशाने हा जुगार नको म्हणाले ते याचसाठी.

हे थांबवता येतं, आणि लोकांनी थांबवलंही आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळच्या वेस्ट बेसिन या भूजल पट्ट्यात उपसा इतका वाढला होता की समुद्राचं खारं पाणी विहिरींत शिरू लागलं. उपसणाऱ्यांनीच 1946 मध्ये संघ केला. उपसा कमी करायला कुणी एकटा तयार नव्हता, पण पुरेसे लोक सही करणार असतील तर आपणही करू, असं म्हणणारे पुष्कळ निघाले. मग तशाच अटीचा करार झाला, आणि कोणी किती पाणी उपसलं याचा अहवाल दरवर्षी सगळ्यांच्या हातात पडू लागला. एलिनॉर ऑस्ट्रॉम हिने तरुणपणी याच पट्ट्यावर पीएच.डी. केली. पुढे, 2009 मध्ये, सामायिक संसाधनांवरच्या कामासाठी तिला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

आपल्या देशातलं उदाहरण तेव्हाच्या आंध्र प्रदेशातलं आहे. सात अवर्षणप्रवण जिल्ह्यांतल्या सहाशेहून अधिक वस्त्यांमध्ये शेतकरी स्वतः पाऊस मोजत, ठरलेल्या विहिरींची पातळी मोजत, आणि रब्बीच्या पेरणीआधी एकत्र बसून जमिनीखाली किती पाणी आहे आणि कोण काय पेरणार म्हणतोय याचा ताळा मांडत. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेचा त्याला पाठिंबा होता. कुणावर सक्ती नव्हती. पण सगळ्यांचा पेरा धरून पाणी पुरत नाही हे फळ्यावर दिसलं की बरेच शेतकरी आपणहून कमी पाण्याच्या पिकाकडे वळत. शेजाऱ्यानेही तेच आकडे बघितलेले असल्यामुळे तो फसवेल ही भीती कमी व्हायची.

म्हणून बैठकीला जा. बांधावरचा वाद घेऊन जाऊ नका आणि तो त्या बैठकीत मिटवायलाही बघू नका. एका बैठकीला एकच विषय. त्या शेजाऱ्याशी तुमचं पटलं नाही तरी चालेल, त्याचं पाणी आणि तुमचं पाणी एकच आहे, तेवढं नातं पुरेसं आहे. मित्र व्हायची गरज नाही, आकडे खरे सांगायची आहे. बोअर घ्यायचाच ठरला तर पाण्याची पाळी, विजेचं बिल, दुरुस्ती, एकाने हिस्सा विकला तर काय, पाणी कमी झालं तर आधी कुणाचं पीक बंद, हे सगळं कागदावर आणि पैसे देण्याआधी. ज्या भागीदाराला हे लिहायला नको वाटतं, त्याच्याबरोबर भागीदारी नको.

ठिबक की माणसं, या प्रश्नाचं उत्तर तुमच्या विहिरीच्या पाण्यावर आहे. हंगामाच्या शेवटापर्यंत थोडं तरी पाणी टिकत असेल तर त्या तेवढ्याच तुकड्यावर ठिबक करा, सगळीकडे नको. पण ठिबक पाणी वाचवतं ते वाचलेलं पाणी आणखी जमिनीवर फिरवलं नाही तर. वेळ मात्र माणसांवरच घाला. तो एक प्रवास, ती तीन-चार माणसं, आणि एखाद्याच्या कामाला घातलेले थोडे दिवस. याला पैसा फारसा लागत नाही आणि हे दुष्काळ पडल्यावर घाईने करता येत नाही.

एक गोष्ट राहू नये. माणसं जोडा असं सांगून कुणी आपली जबाबदारी झटकत असेल तर ते मला मान्य नाही. पीकविमा, रोजगार हमीचं काम, वैरणीची सोय, हवामानाचा वेळेवर अंदाज हे शेजाऱ्याने द्यायचं नसतं, सरकारने द्यायचं असतं. ते मागायलाही माणसं लागतात, ते वेगळं. टाउनसेंडच्या त्या तीन गावांपैकी एका गावात भूमिहीन घरांना गावाचा आधार इतरांपेक्षा कमी मिळत होता, हेही त्याच अभ्यासात आहे. तुमच्या गावातल्या बैठकीत विहीर नसलेलं, जमीन नसलेलं कोण आहे ते बघा. बोअरमुळे त्यांच्या पिण्याच्या पाण्यावर काय होईल हा प्रश्न तुम्ही विचारलात तर फार बरं होईल. अबोल माणसाने विचारलेला प्रश्न लोक थांबून ऐकतात.

बैठकीआधीचे दिवस असे वापरा. पहाटे, पंप सुरू व्हायच्या आधी, दोरीला वजन बांधून विहिरीच्या काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा आणि लिहून ठेवा. पंप बंद केल्यावर पाणी पुन्हा त्याच खुणेपर्यंत यायला किती तास लागतात तेही लिहा. रोज, त्याच जागेवरून. बाकी तिघांनाही आपापल्या विहिरीवर हेच करायला आजच सांगा. बांधावरच्या शेजाऱ्याला तुम्हाला सांगणं जड जात असेल तर दुसऱ्याकरवी सांगा. चौघांच्या वह्या समोर नसतील तर बोअरचा निर्णय त्या दिवशी घेऊ नका, बैठक पुढे ढकला.